चार खण आणि एक पोथी

समजा, प्रयोगशाळेतला पन्नास वर्षांचा ऑसिलोस्कोप चालू केला आणि पडदा उजळलाच नाही. आतून नुसता टिक, टिक, टिक असा आवाज येतो आहे, गजराच्या जुन्या घड्याळासारखा. ज्याला हे यंत्र ठाऊक नाही तो म्हणेल, गेलं. ज्याला ठाऊक आहे तो वीज बंद करील, दर्शनी बाजूच्या खणांतले चारही प्लग-इन एकेक करून बाहेर ओढील, टेबलावर ठेवील आणि रिकाम्या सांगाड्याला पुन्हा वीज देईल. टिकटिक थांबली तर दोन मिनिटांत एवढं नक्की झालं की वीजपुरवठा शाबूत आहे. टेबलावरच्या चारांपैकी कुणाच्या तरी पोटात शॉर्ट आहे, आणि त्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा दर खेपेला उठतो आणि लगेच बसतो. ती टिकटिक त्या उठाबशांची. मग वीज बंद करून एक प्लग-इन आत, वीज चालू. पुन्हा बंद, दुसरा आत. तिसऱ्याला टिकटिक सुरू झाली की आरोपी सापडला. त्याचं पत्र्याचं झाकण काढून पुरवठ्याच्या तारा मीटरने तपासल्या तर एकीवर दोन-चार ओहमच भरतात, आणि त्या तारेवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक टँटलम कपॅसिटर आतून शॉर्ट होऊन बसलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो चिल्लर पैशांत मिळतो. आरोपी सापडेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात घ्यावा लागलेला नसतो, आणि या लेखाचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

हे यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीची ७००० मालिका. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपला कुणी ऑसिलोस्कोप म्हणत नाही, तो सीआरओ. बदलतं व्होल्टेज वेळेनुसार कसं वरखाली होतं ते पडद्यावरच्या रेघेत दाखवणारं उपकरण. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये ५११ हा त्यांचा पहिला सीआरओ बाजारात आला. आकार दाखवणाऱ्या यंत्राला त्याने मोजायला लावलं. पुढे पन्नासच्या दशकात समोरचा प्रवर्धक काढून दुसरा बसवता येईल असे नमुने आले, आणि १९६९ मध्ये ७००० मालिका आली तेव्हा ही कल्पना पूर्ण विस्ताराला गेली होती. मेनफ्रेम म्हणजे सांगाडा: त्यात पडद्याची नळी, वीजपुरवठा आणि तीन किंवा चार खण. डावीकडच्या खणांत व्होल्टेज वाढवणारे प्रवर्धक, उजवीकडच्या खणांत वेळ आखणारे टाइम बेस. दोन सिग्नल एकत्र बघायचे तर ७ए२६ घाला. मायक्रोव्होल्टमधला फरक शोधायचा तर ७ए२२. ट्रान्झिस्टरचे वक्र काढायचे तर ७सीटी१एन. वारंवारिता मोजायची तर ७डी१५. स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरसुद्धा खणात बसणारा होता. जुन्या सागवानी कपाटाचे खण जसे सुटे करून झाडून पुसून परत लावता येतात, तसा हा प्रकार.

सुटे भाग असले की यंत्र टिकतं, असं हल्ली सरसकट म्हटलं जातं. त्यात अर्धंच सत्य आहे. सुटे भाग असलेली कितीतरी यंत्रं भंगारात गेली, कारण भाग कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं हे कारखान्याबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ७००० मालिका अजून टेबलांवर दिसते याचं श्रेय मी खणांपेक्षा खणांच्या उंबरठ्याला देतो, आणि तो उंबरठा अक्षरशः शब्दांत लिहून ठेवणाऱ्या छापील मॅन्युअलला. चालवणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं, ही समजूत या दोन गोष्टींनी मोडीत काढली. कसं, ते बारकाईने बघायला हवं.

प्रत्येक खणाच्या मागच्या टोकाला ७६ संपर्कांचा एक कनेक्टर आहे. प्लग-इनच्या सर्किट बोर्डची कडाच त्यात घुसते. कुठल्या संपर्कावर काय येणार हे ठरलेलं: अधिक ५०, १५ आणि ५ व्होल्ट, उणे १५ आणि ५० व्होल्ट, ट्रिगरचा सिग्नल, आणि मुख्य म्हणजे मोजायचा सिग्नल. प्लग-इनने आत काहीही करावं, पण उंबरठ्यावर येताना पडद्यावरच्या दर घरामागे ५० मिलिव्होल्ट एवढाच फरक दोन तारांमध्ये ठेवायचा. बाहेर एक किलोव्होल्ट असो की दहा मायक्रोव्होल्ट, सांगाड्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आता पडद्यावर वरच्या कडेला जी अक्षरं उमटतात, ‘५० मिलिव्होल्ट’, ‘२ मायक्रोसेकंद’ अशी, ती सांगाड्याला कशी कळतात? १९६९ मध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता. इंटेलचा ४००४ आला १९७१ मध्ये. बॅरी गिल्बर्ट या तेव्हा टेक्ट्रॉनिक्समध्ये असलेल्या इंजिनीअरने ही अक्षरं काढणारी व्यवस्था उभी केली. सांगाडा प्रत्येक खणाला दहा पाळ्यांत एकेक स्पंद पाठवतो, उणे १५ व्होल्टचा. प्लग-इनमध्ये त्या वाटेवर फक्त रेझिस्टर. १५ व्होल्टला दीड लाख ओहमचा रेझिस्टर म्हणजे ०.१ मिलिअ‍ॅम्पिअर, पाऊण लाखाचा म्हणजे ०.२. एक प्रवाह अक्षरांच्या तक्त्यातली ओळ सांगतो, दुसरा स्तंभ. बस्स. बटण फिरवलं की रेझिस्टर बदलतो आणि पडद्यावर अक्षर बदलतं. दहापट प्रोब लावला तर त्याच्या कनेक्टरभोवतीच्या कड्याला टेकणारी एक पिन, तीही एका रेझिस्टरला जोडलेली, आकडा आपोआप दहापट करते.

या साधेपणाचं मोल पुढे कळलं. सांगाड्याला प्लग-इनची ओळख आधी असावी लागत नाही. प्लग-इन स्वतःच स्वतःबद्दल सांगतो. म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या सांगाड्यात नंतर दहा-पंधरा वर्षांनी निघालेले प्लग-इनही, काही अपवाद सोडले तर, बसतात आणि चालतात. ऐंशीच्या दशकात ७डी२० आला. हा सिग्नल अंकांत बदलून साठवून ठेवतो. तो खणात सरकवला की जुना अ‍ॅनलॉग सीआरओ डिजिटल स्टोरेज सीआरओ म्हणून काम करू लागतो. सांगाडा आखणाऱ्यांच्या डोक्यात १९६९ मध्ये असलं काही असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी भविष्य ओळखलं असं मुळीच नाही. उंबरठ्यावर नेमकं काय द्यायचं-घ्यायचं तेवढं लिहून ठेवलं आणि आतल्या खोलीत कुणी काय करावं यात नाक खुपसलं नाही.

आता चालवण्याकडे येऊ, कारण दुरुस्तीची सुरुवात तिथेच होते. सांगाड्याच्या दर्शनी भागावर कॅलिब्रेटर नावाचं एक टोक आहे. तिथून चौकोनी लाटेचा ठरलेला सिग्नल मिळतो: ४ व्होल्ट, ०.४ व्होल्ट किंवा ४० मिलिव्होल्ट. प्लग-इन एका खणातून दुसऱ्या खणात, किंवा एका सांगाड्यातून दुसऱ्यात हलवला की पहिलं काम हे: ४० मिलिव्होल्ट लावायचे, प्लग-इन दर घराला १० मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि लाट बरोबर चार घरं उंच आहे का ते बघायचं. पडद्यावर उभी ८ घरं आणि आडवी १० घरं आखलेली असतात. लाट पावणेचार घरं भरली तर दर्शनी भागावरच्या ‘गेन’ लिहिलेल्या भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून ती चारवर आणायची. मग त्याच लाटेवर प्रोब लावून तिचे कोपरे बघायचे. कोपरा शिंगासारखा वर निघाला असेल किंवा गोलावून खाली बसला असेल, तर प्रोबचा छोटा ट्रिमर फिरवून तो काटकोनात आणायचा. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. याला चालवणं म्हणायचं की देखभाल? टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलमधला दोषशोधाचा भाग पहिल्या पायरीलाच हे द्वैत संपवतो. आधी सगळ्या बटणांच्या जागा तपासा, कारण चुकीच्या जागी असलेलं बटण नसलेला बिघाड दाखवतं. मग जोडलेली उपकरणं आणि तारा तपासा. मग डोळ्यांनी बघा: जळकं काही, सुटलेलं काही. मग कॅलिब्रेशन. त्यानंतर कुठे सर्किटाची पाळी येते. बिघडलेल्या म्हणून टाकलेल्या सीआरओंपैकी किती या पहिल्या दोन पायऱ्यांवरच बरे झाले असते, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ठेवला तर लाजिरवाणा निघेल.

पडद्यावरची अक्षरं माणसाला फसवतात, हा आक्षेप इथे रास्त आहे. ती अक्षरं बटण कुठे आहे ते सांगतात. सिग्नल खरा आहे की नाही ते सांगत नाहीत. प्रवर्धकाची ‘व्हेरिएबल’ कळ जरा जरी सरकली तर मोजमापाला अर्थ राहत नाही. पण यावरही उंबरठ्याच्या भाषेतच उपाय केलेला आहे. कळ सरकली की आकड्याआधी ‘याहून मोठं’ असं चिन्ह उमटतं. यंत्र कबूल करतं की हा आकडा धरून चालू नका. सांगाडा आणि प्लग-इन यांच्या जोडीबद्दल मात्र ते गप्प असतं, आणि तिथे चालवणाऱ्याला गणित यावं लागतं. १०० मेगाहर्ट्झचा सांगाडा आणि २०० मेगाहर्ट्झचा प्रवर्धक एकत्र केले तर किती मिळतं? दोनशे नाही, आणि ढोबळ हिशेबाने पूर्ण शंभरही नाही. बँडविड्थ आणि राइज टाइम यांचा गुणाकार साधारण ०.३५ धरला जातो. शंभरचा राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद, दोनशेचा १.७५. दोन्हींचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढलं की ३.९, म्हणजे ९० मेगाहर्ट्झच्या आतबाहेर. त्यात प्रोबची भर पडली की आणखी घसरण. कुठला प्रवर्धक कुठल्या सांगाड्यात किती देतो याचे तक्ते कंपनी छापत असे ते याचसाठी. सुट्या भागांच्या यंत्रात चांगला भाग वाईट भागाला वर ओढत नाही. तक्ता न वाचता महागडा प्लग-इन विकत घेणाऱ्याला यंत्र बिघडलंय असं वाटतं, आणि यंत्राचा काहीच दोष नसतो.

अर्थिंगच्या बाबतीतही हेच होतं, फक्त परिणाम जास्त वाईट. सीआरओचा धातूचा सांगाडा आणि प्रोबची मगरचिमटी तीन पिनांच्या प्लगमधून थेट अर्थला जोडलेली असते. मुख्य विजेवर चालणाऱ्या सर्किटात दोन जिवंत टोकांमधलं व्होल्टेज बघायचं म्हटलं की कुणीतरी प्लगची जाड पिनच काढून टाकतो. असले पिन तोडलेले प्लग आपल्याकडच्या प्रयोगशाळांत दुर्मीळ नाहीत. मग चिमटी ज्या टोकाला लावली त्या टोकाच्या व्होल्टेजवर सीआरओचा अख्खा पत्रा चढतो आणि त्याला हात लावणारा माणूस सर्किटाचा भाग होतो. खणांच्या यंत्रात याचं उत्तर दुसऱ्या खणात ठेवलेलं आहे: ७ए१३ सारखा डिफरेन्शिअल प्रवर्धक, सिग्नलला साजेसे दोन प्रोब, दोन्ही चिमट्या मोकळ्या, आणि मोजायचा तो फक्त दोन टोकांतला फरक. शिवाय ७ए१३ आतून १० व्होल्टपर्यंतचं तुलनेचं व्होल्टेज वजा करू शकतो. दर घराला एक मिलिव्होल्टवर हे केलं, तर दहा हजार घरं उंच असलेल्या पडद्याची आठ घरांची खिडकी हवी तिथे सरकवता येते. पिन तोडणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण त्याच्या कपाटात सीआरओ असतो आणि मॅन्युअल नसतं.

देखभालीचं बाकी काम गृहिणीच्या शिस्तीचं आहे. धूळ उष्णता अडवते आणि दमट हवेत विजेला चोरवाट देते; मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे वेगळं सांगायला नको. मऊ कुंचला, कमी दाबाची हवा, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, इतकं पुरतं. प्लास्टिक खाणारी द्रावणं, म्हणजे बेन्झिन, टोल्युइन, झायलिन, अ‍ॅसिटोन, जवळ आणायची नाहीत. पण एक भाग जरा जवळून दाखवण्यासारखा आहे. दर्शनी भागावरचं व्होल्टचं बटण फिरवलं की आत बोटभर जाडीचं एक प्लास्टिकचं लाटणं फिरतं. लाटण्यावर ठिकठिकाणी उंचवटे आहेत. उंचवटा खालून गेला की सोन्याचा मुलामा दिलेली एक पातळ पट्टी सर्किट बोर्डवरच्या तसल्याच सोनेरी ठिपक्यावरून उचलली जाते किंवा त्यावर टेकते. एका बटणामागे अशा डझनावारी पट्ट्या असतात. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या बटणात या पट्ट्यांवर पापुद्रा धरतो आणि पडद्यावरची रेघ उड्या मारते. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे स्प्रे मारणं, त्याचा चिकट थर पुढे आणखी धूळ ओढतो. दुसरी म्हणजे पॉलिश पेपर, त्याने मुलामाच निघून जातो आणि मग तो भाग कायमचा गेला. योग्य रीत अशी: साध्या कागदाची बारीक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, पट्टी आणि ठिपका यांच्यात सरकवायची, बटण फिरवून संपर्क टेकू द्यायचा आणि कागद अलगद ओढून काढायचा. कागदावर काळसर रेघ आली की काम झालं. पुष्कळदा तर बटण वीस-तीसदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी भागतं.

सुट्या भागांवरचा सगळ्यात जुना आक्षेप इथे उभा राहतो: जोड जितके जास्त, तितके बिघाड जास्त. चार खणांचे ७६ प्रमाणे ३०४ संपर्क, त्यात या पट्ट्या, त्यात बऱ्याच नमुन्यांत ट्रान्झिस्टर आणि चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या. एकसंध यंत्रात यातलं काही नसतं. आक्षेप खरा आहे, आणि अनुभवी माणसं आधी सॉकेटांवरच संशय घेतात. पण बिघाड किती होतात यापेक्षा बिघाड आपला पत्ता सांगतात का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. प्लग-इन डावीकडून उजवीकडे हलवल्यावर दोष त्याच्याबरोबर गेला तर तो प्लग-इनचा. जागीच राहिला तर सांगाड्याचा. या एका चाचणीला कुठलंही उपकरण लागत नाही. एकसंध यंत्रात हेच शोधायला त्याच तोडीचा दुसरा सीआरओ लागतो. दुरुस्तीत हात किती आवरावा तेही मॅन्युअल सांगतं, हे विशेष. ट्रान्झिस्टर नादुरुस्त असल्याची खात्री होईपर्यंत काढू नका. काढलाच आणि चांगला निघाला तर त्याच जागी परत ठेवा, कारण आजूबाजूचं सर्किट त्याच्याशी जुळवून घेतलेलं आहे. सगळे भाग खाली ओतून मग विचार करणाऱ्या हौशी मंडळींना हे वाक्य रुचत नाही. झाकण काढल्यावर नळीजवळ हजारो व्होल्टची वीज असते, आणि ती वीज बंद केल्यावरही काही काळ टिकते, हेही मॅन्युअल विसरू देत नाही.

मॅन्युअल, मॅन्युअल म्हणतो आहे, तर त्यात होतं काय ते सांगायला हवं. संपूर्ण सर्किटाचे नकाशे, घडी उलगडून बघायचे. नकाशावर ठिकठिकाणी अपेक्षित व्होल्टेज आणि तिथे दिसायला हवी ती लाट. प्रत्येक बोर्डचं चित्र, भागांच्या क्रमांकांसह. सर्किट कसं चालतं याचं गद्य, अगदी ट्रान्झिस्टरागणिक. भागांची यादी, आणि त्या यादीत अमुक अनुक्रमांकापासून अमुकपर्यंतच्या यंत्रांत हा रेझिस्टर, त्यापुढे तो, अशी नोंद. एवढं उघड केल्यावर नकलाकार टपलेले नसतील का? होते, आणि हा आक्षेप हवेतला नाही. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकी सैन्याने निविदा काढून टेक्ट्रॉनिक्सच्या सीआरओंच्या हुबेहूब नकला लाव्हॉय, हिकॉक अशा कंपन्यांकडून विकत घेतल्या. टेक्ट्रॉनिक्सने थेट अमेरिकी सरकारवर पेटंटभंगाचा दावा लावला. १९७१ मध्ये न्यायालयाने पेटंटांचा भंग झाल्याचं मान्य केलं, आणि भरपाईचा निकाल लागायला १९७७ उजाडलं. आता तारखा जुळवून बघा. ७००० मालिका १९६९ ची, म्हणजे ऐन खटल्यातली. नकला झालेल्या कंपनीने नकाशे कुलपात घालायला याहून चांगलं निमित्त कुठलं? तिने घातले नाहीत. या मालिकेची मॅन्युअलं तशीच सविस्तर छापली. कारण तिचा माल विकत घेणारा गिऱ्हाईक स्वतः इंजिनीअर होता, आणि ज्या यंत्राचं पोट बघता येत नाही त्या यंत्राच्या आकड्यावर तो विसंबला नसता. नकलेचा बंदोबस्त न्यायालयात व्हायचा, गिऱ्हाइकाच्या टेबलावर नाही, हा हिशेब त्यात होता असं मला वाटतं.

माझ्या युक्तिवादाला खरा तडा दुसरीकडे जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. टेक्ट्रॉनिक्स पडद्याच्या नळ्या स्वतः करायची, ट्रान्सफॉर्मर स्वतः, बटणं स्वतः, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून चिपाही स्वतः. बाजारात त्या दर्जाचं काही मिळत नव्हतं म्हणून. १९७९ चा ७१०४ हा एक गिगाहर्ट्झचा सांगाडा. त्याच्या नळीत इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारी मायक्रोचॅनेल प्लेट होती, त्यामुळे एकदाच घडून गेलेली अतिवेगवान घटनाही डोळ्यांनी दिसायची. अशी नळी झिजली की झिजली. घरच्या चिपा गेल्या की मॅन्युअल तुम्हाला नेमकं सांगतं की कुठली चिप गेली आहे, आणि पुढे त्याचा काही उपयोग नसतो. तेव्हा लोक एका मेलेल्या यंत्राचे अवयव काढून दुसऱ्याला लावतात. खण सुटे असल्यामुळे हे सोपं जातं, पण साठा मर्यादित आहे आणि तो दरवर्षी कमीच होतो. ज्या घरच्या कारागिरीने हे यंत्र इतकं अचूक केलं, तिनेच त्याच्या आयुष्याला हद्द घातली. उघडं मॅन्युअल हद्दीपर्यंत नेतं, पुढे नाही.

आणि मग तो प्रश्न, जो वाचक केव्हापासून विचारायला टपला असेल: हे सगळं कशाला? चार चॅनेलचा डिजिटल सीआरओ आज बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मिळतो, एका हाताने उचलता येतो, लाट साठवतो, पेन ड्राइव्हवर देतो. ७००० चा सांगाडा हलवायचा तर कंबर सांभाळावी लागते आणि उन्हाळ्यात तो खोली तापवतो. मान्य. नवी प्रयोगशाळा उभारणाऱ्याला मी जुना सांगाडा शोधायला सांगणार नाही. मात्र तुलना करायची तर ती मालकाच्या हातात काय उरतं याची करावी. सांगाड्याचं कॅलिब्रेशन आतल्या ट्रिमरांत, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरणाऱ्या कळींत असतं. मॅन्युअल सांगतं, दर हजार तासांनी, वापर कमी असेल तर दर सहा महिन्यांनी ते तपासा. आणि कसं, तेही पानोपान सांगतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अनेक डिजिटल उपकरणांत हेच कॅलिब्रेशन बॅटरीच्या जिवावर टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलं गेलं. चिपेच्या आत बंद केलेली ती बॅटरी दहा-वीस वर्षांनी संपली की सगळं शाबूत असूनही उपकरणाची अचूकता एका रात्रीत पुसली जाते, आणि ती परत भरायची रीत बहुतेकांकडे नसते. जुन्या उपकरणाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नसतं, असं यावर म्हणता येईल. प्रमाणपत्र हवंच, पण ते त्या दिवसाचं असतं. पुढचे तीनशे चौसष्ट दिवस ४० मिलिव्होल्टची लाट चार घरं भरते का, हे बघणारा माणूसच पहारा करतो. खणांची कल्पना संपलेली नाही हेही नोंदवायला हवं. १९९७ मध्ये आलेल्या पीएक्सआय पद्धतीत सीआरओ म्हणजे चौकटीत सरकवायची एक पाटी, पडदा संगणकाचा. उंबरठा इथेही ठरलेला आणि प्रसिद्ध केलेला आहे. फक्त त्या पाटीला बोलायला सॉफ्टवेअर लागतं, आणि संगणकाची प्रणाली बदलली की ठणठणीत पाटी मुकी होण्याची पाळी येते. गिल्बर्टच्या रेझिस्टरांना हा रोग माहीत नव्हता.

आपल्या कॉलेजांत सीआरओ बिघडला की त्याचा प्रवास ठरलेला असतो: टेबलावरून कपाटात, कपाटातून डेडस्टॉक रजिस्टरच्या शेऱ्यात, शेऱ्यातून निर्लेखनाच्या यादीत. मधल्या काळात वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा माणूस येतो, पाटी बदलतो किंवा ‘पार्ट मिळत नाही’ असं लिहून जातो. विद्यार्थ्याने झाकण उघडायचं नसतं. शिक्षकाकडे नकाशा नसतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने सुरुवातीला घेतलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. मोजमापाची उपकरणं त्यात नाहीत. संख्येने ती थोडी म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण दुरुस्ती शिकायची कुठे, याचं उत्तर ज्या टेबलावर मिळायला हवं त्या टेबलावरचं उपकरणच बंद पेटी असावं, हे खटकतं.

टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलांच्या अखेरीला बदलांच्या माहितीचं एक पान असे. छपाईनंतर सर्किटात काही सुधारणा झाल्या तर त्यांची पुरवणीची पानं या पानामागे लावली जात. त्यावर ग्राहकाला कळवलेलं असे की एकाच बदलाचा परिणाम मॅन्युअलच्या अनेक भागांवर होऊ शकतो. आणि मागे एकही पुरवणी लावलेली नसेल, तर हातातली प्रत छापली आहे तशीच बरोबर धरावी.